काचेला चिकटलेलं पेप्टाइड

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला स्वतःच्या हातांचा राग यायला लागला होता.

काम सांगायला सोपं. बेडकाचा एक स्नायू नसेसकट काढायचा, खारट द्रावणात जिवंत ठेवायचा, नसेला विजेचा हलका झटका द्यायचा आणि स्नायूत उठणारा संकेत पडद्यावर मोजायचा. मग द्रावणात पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, मिसळायचं. त्यानं नसेचा निरोप स्नायूपर्यंत जास्त जोरात पोचतो, असं माझं म्हणणं. पडद्यावरची रेघ मात्र होती तेवढीच राहायची.

"तुझा हात बसलेला नाही अजून," माझे मार्गदर्शक सर म्हणायचे.

छावणी भागातल्या घरी जाताना क्रांती चौकाच्या सिग्नलला स्कूटीवर मी मोठ्यानं स्वतःशीच भांडायचे. एकदा शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, मला म्हणालात का?"

एका शनिवारी विभागाच्या नळाला पाणीच नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना आम्ही चाचा म्हणायचो. ते म्हणाले, "काचेच्या नळ्या धुवू कशात? आज ही प्लास्टिकची घ्या, मॅडम. नवी कोरी हाय."

सरांची सक्त ताकीद होती, पेप्टाइड काचेतच कालवायचं. वैतागून मी प्लास्टिकची नळी घेतली. आणि रेघ चढली. द्रावण बदलून नुसतं खारट घातलं, ती खाली आली. पुन्हा पेप्टाइड घातलं, पुन्हा चढली.

"क्या हुआ मॅडम?" चाचा धावत आले. मी पडद्याकडे बोट दाखवलं.

दुपारभर वाचलं तेव्हा कळलं: असली पेप्टाइडं काचेला चिकटून बसतात. एवढे दिवस मी स्नायूवर जवळपास नुसतं खारट पाणी ओतत होते.

सरांकडे गेले. "एका बेडकावर काय सांगतेस? पुन्हा कर," ते म्हणाले.

"समितीनं परवानगी दिली होती तेवढे बेडूक संपले, सर. पण काच तर तुम्हीच..."

"ही तर अगदी प्राथमिक गोष्ट आहे. तू वाचायला हवं होतंस."

नवी परवानगी यायला सात महिने लागले. प्रयोग नीट झाले, रेघ दर वेळी चढली. आधीच्या बेडकांपुढे माझ्या वहीत 'परिणाम नाही' एवढंच लिहिलेलं आहे.

तोंडी परीक्षेत सर परीक्षकांना म्हणाले, "सुरुवातीला हिच्या काही तांत्रिक चुका झाल्या."

मी मान हलवून "हो" म्हटलं. तो हो मला अजून सलतो.