नदीच्या वरच्या अंगाला

अभ्यासिकेत फोन बंद ठेवावा लागतो. त्या दिवशी दुपारी डबा खायला बाहेर आले, तर वडिलांचे सात मिस्ड कॉल. ते सहसा एकदाच फोन करतात आणि वाट बघतात. मी परत लावला. "नानाकाका गेले," ते म्हणाले. "सकाळी रोपांना पाणी सोडायला गेलते. तिथंच, बांधावर..." आम्हा दोघांनाही फोनवर बोलता येत नाही.

नानाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गेवराईच्या पुढे, गोदावरीकाठच्या आमच्या गावात त्यांची मोसंबीची बाग होती. मी शाळेत असताना एका दुष्काळात ती वाळली आणि काकांनी तिला स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली. तेव्हापासून त्यांचा राग नाशिककडच्या द्राक्षवाल्यांवर. नदी एकच, पण धरणं त्यांच्याकडे आणि वाळू आमच्याकडे, असं ते लग्नातही सांगायचे आणि एसटीतही. "एकदा तिथं जाऊन तोंडावर इचारायचंय, आमचं पाणी कावून अडिवता?"

गेल्या ऑक्टोबरमध्ये बीडच्या काही सायकलवाल्यांनी नाशिकपासून नदीच्या काठाकाठानं आमच्याकडच्या राक्षसभुवनपर्यंत पाच दिवसांची सफर ठरवली. काका अडुसष्ट वर्षांचे, पण आठवडी बाजाराला जन्मभर सायकलवरच गेलेले. त्यांनी नाव दिलं, पण या वयात सोबत घरचं कुणीतरी हवं, अशी सायकलवाल्यांची अट होती. मला सायकल आवडते, कारण चालवताना बोलावं लागत नाही. म्हणून मी निघाले. काका तिथे काय बोलतील, याची मात्र धास्ती होती.

पहिल्याच दिवशी एका वाइनरीत थांबलो. तिथली बाई ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा ते दाखवत होती. काकांनी वास घेतला आणि म्हणाले, "सडल्याली द्राक्षं हायती की ही. अन् ह्याच्यापायी आमचं पाणी?" सगळे हसले, त्यांना तो विनोद वाटला. मी "काका, हळू..." म्हणाले, तर शिकलेल्या पुतणीला चिडवायच्या नेहमीच्या नावानं उत्तर आलं, "इंग्लिश मॅडम, तुमी प्या." आणि ते तरातरा मागच्या मळ्यात निघाले. मी मागे धावले.

मळ्यात एक पन्नाशीचे शेतकरी हातात कात्री घेऊन उभे होते. वेलींवर पान नव्हतं. नुसती खोडं, काड्या आणि खाली कापलेल्या फांद्यांचे ढीग. आता ते वाक्य येणारच होतं. काका त्या माणसाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "समदीच तोडली? एकबी ठिवली न्हाई?... मीबी तोडलीय. दोन दिस घास उतरला न्हाई."

तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "अहो दादा, तोडली नाही, छाटलीय! दर साली छाटावी लागते, तेव्हाच माल धरतो. महिन्याभरानं या, हिरवीगार दिसंल."

काका मटकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बघितलंस का मॅडम? भांडाया आल्तो अन् सांत्वन करून बसलो." तरीही त्यांनी ते पाण्याचं विचारलंच, पण आवाज खाली आला होता. तो माणूस म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात मीच ही बाग टँकरनं जगवली. धरणाची चावी माझ्याकडं कुठंय, दादा? पण तुमचं चुकत नाही. पाणी खाली गेलं पाहिजे."

पुढं वाटेत टोका गावची दगडी देवळं, पैठणच्या गल्ल्या त्यांनी मुकाट बघितल्या. पैठण सोडताना सायकल माझ्याजवळ आणून म्हणाले, "परत लावू का गं मोसंबी? फळाला पाच वर्षं लागतेत."

"लावा की."

"मंग घरी तू सांग. माझं हसण्यावारी नेतेत."

घरी जेवताना त्यांनी विषय काढला. त्यांचा मुलगा संतोषदादा म्हणाला, "ह्या वयात? अन् मोसंबी खायला थांबणार हाव का तुमी पाच वर्षं?" सगळे हसले. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिले. एवढंच बोलायचं होतं की मीच लावा म्हणाले... तेही जमलं नाही. काकांनी मला कधी बोल लावला नाही. दिवाळीनंतर त्यांनी एकट्यानंच चाळीस रोपं लावली.

तेराव्यानंतर शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला द्यायची बोलणी निघाली. बटईदार रोपं उपटून कापूस घेणार होता. "रोपं राहू दे, दादा," मी म्हणाले. "मीच त्यांना लावा म्हणाले होते."

"तू? कधी?"

"पैठणजवळ. तेव्हा इथं बोलायला पाहिजे होतं."

मग काकू म्हणाल्या, "एवढा तुकडा राहू दे, संतोष. पाणी मी घालते."

आता दर रविवारी गावी येऊन, काकूंना सुट्टी देऊन मी पाणी घालते. पहिल्या रविवारी लक्षात आलं की रोपांची खोडं करंगळीएवढी आहेत, पण काकांनी प्रत्येकाभोवती केलेलं आळं मोठ्या झाडाच्या मापाचं आहे. एकेक भरायला खूप वेळ लागतो. दादा म्हणतो, आळी लहान कर, लवकर मोकळी होशील.

मी नळी धरून उभी राहते, आळं काठोकाठ भरेपर्यंत.