घरघर गेली तेव्हा

आमच्या आलापल्लीत सागवान सोडून दुसऱ्या लाकडाला हात लावला तर लोक समजतात, घरची परिस्थिती बिघडली. म्हणून मी स्पीकरचे खोकेही सागवानाचेच केले. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस कळकळीनं सांगत होता की जाड प्लाय वापरा, भरीव लाकूड गाण्याबरोबर स्वतःही वाजतं. मी मनात म्हटलं, तुला काय कळतं सागवान! त्याचंच खरं निघालं. खोके गुणगुणायला लागले. मग आत गादीचा कापूस ठासला, पाठीमागं आडव्या पट्ट्या ठोकल्या, तेव्हा कुठे गप्प झाले.

हा सगळा उपद्व्याप बाबांसाठी. बाबांनी जन्मभर आरा मशीनवर लाकडं चिरली, पण ते पोटासाठी. जीव होता पेटीत. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की सुट्टी टाकून ते झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवायला जात. पेटी मंडळाची, बोटं बाबांची. पुढे आऱ्याच्या आवाजानं कान गेले आणि नाटकं सुटली. उरली एक कॅसेट, कुणीतरी रंगमंचाजवळ बसून भरलेली, आणि घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर. तो लावला की आधी नुसती घरघर, आणि तिच्यामागे कुठेतरी बाबांची पेटी. जेवण झालं की बाबा खुर्ची जवळ ओढून ती कॅसेट ऐकत आणि मांडीवर बोटं चालवत.

मला ते बघवत नव्हतं. आधीच ऐकू कमी येतं, त्यात स्वतःचीच पेटी घरघरीतून शोधायची! ती त्यांना एकदा तरी साफ ऐकवायची, असं मी मनावर घेतलं. मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. वीज ओळखीची, आवाजातलं काही कळत नाही. पण हट्टाला आमच्या घरात तोटा नाही.

फुगलेले कपॅसिटर काढून नवे बसवले. कॅसेट डेककडून येणारी वायर जाळीच्या आवरणाची घातली आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली. स्पीकरला जाड वायर ओढली. शेवटी अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरायला घेतलं. शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या.

"कायचा खड्डा खंदून राह्यले, भाऊ?"

"बाबाची पेटी निघते का पाहून राह्यलो."

त्या हसल्या. मीही हसलो. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

अर्थिंग जोडलं आणि घरघर गेली. अशी गेली की अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की काय म्हणून मी बटण पुन्हा पाहिलं. मग पेटी आली. भात्याचा श्वास कळत होता, पदाच्या शेवटी गायकाला सावरून घेणारी बाबांची बोटं कळत होती. माझे डोळे भरून आले. मी बाबांकडे वळून पाहिलं.

त्यांची बोटं मांडीवर थांबली होती. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"हे मी वाजवून राह्यलो?"

"हो, बाबा. तुम्हीच."

"पुरं बेसूर हाये ना हे."

मी म्हटलं, नाही, सुरेल आहे. त्यांनी मान हलवली. "घरघरीत दबून जात होतं. तू साफ केलं, म्हून समजलं. इतके वर्स कोणी सांगतलं नाई मले."

मी त्यांना चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की अशा माणसाला एकच सूर दोन कानांत वेगवेगळ्या उंचीचा ऐकू येतो, म्हणून सुरेलही बेसूर वाटतं, वाजवणाऱ्याचा त्यात दोष नसतो. बाबा नमस्कार करून उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "कान गेला तं कमी आयकू येते. बेसूर कसा आयकू येईन? त्याले कानाची मशीन इकाची हाये." मी दुसरी गाणी लावून दाखवली. तीही त्यांना बेसूरच लागली. "आजकालचे गाणे तसेच रायतात," ते म्हणाले. मी चिडलो, ओरडलो. शेवटी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू माहा पोरगा होय. तू चांगलंच म्हनशीन."

त्यानंतर कॅसेट लागली नाही. मी जुने कपॅसिटर परत लावायचा विचारही केला. पण एकदा कळलेलं घरघरीत पुन्हा लपत नाही.

यंदा मंडईच्या आधी नाटक मंडळाची माणसं आली. बाबांचा रंगमंचावर सत्कार करायचा होता, शाल आणि नारळ देऊन. जुने लोक आठवण काढतात, असं ते मोठ्यानं, बाबांच्या कानाशी वाकून सांगत होते. बाबांनी हात जोडले.

"सत्कार कायले? तुमी लोकायनं इतके वर्स सयन केलं, तेच लय झालं."

पाहुण्यांना तो विनय वाटला. ते खुशीत हसले, एकमेकांना म्हणाले, पाहा, मोठा कलावंत असाच बोलतो. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. बाबा मनापासून माफी मागत होते, आणि त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.