मूत्रपिंडातला काळा चतकोर

तेर गावी शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या कुशीत न्याहारी करताना अचानक कळ आली. पाठोपाठ उलटी झाली. पूर्वी एकदा त्यांना मुतखडा झालेला असल्याने निदान घरातच ठरले. खड्यावरचा घरगुती उपाय म्हणून वहिनींनी हुलगे शिजत घातले. दोन दिवस दादा हुलग्याचे पाणी पीत राहिले. कळ हटली नाही. उलट अंगात बारीक ताप भरला.

मी विज्ञान शिकवत असे. नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी, ही शिस्त मुलांना लावता लावता मलाच लागली. मी दादांचे मनगट धरले. पहिल्या मिनिटात ब्याण्णव ठोके भरले, दुसऱ्यात एकशे आठ. त्यांत लय अशी नव्हतीच.

"लिही वहीत, मास्तर," दादा कण्हत म्हणाले. "गुण देतो तुला."

मी खरोखरच लिहिले आणि धाराशिवला डॉक्टरांपुढे कागद ठेवला. तिथे केलेल्या सोनोग्राफीत खडा सापडला नाही. लघवीत मात्र रक्ताच्या पेशी होत्या. आकडे पाहून डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, मग शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करवला. पडद्यावर मूत्रपिंड उजळ होते. फक्त एक भाग काळा, भाकरीच्या चतकोरासारखा: रुंद कड बाहेर, टोक आत. लय बिघडून हृदयातच रक्ताची गुठळी झाली होती आणि ती वाहत येऊन मूत्रपिंडाच्या धमनीच्या एका फाट्यात अडकली होती.

"म्हंजे पाण्याची चारी तुंबली अन् पट्टा वाळला," दादा म्हणाले.

"शेजारच्या चारीतून पाणी झिरपत नाही का?" मी विचारले.

"इथं नाही, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक फाटा आपापल्याच पट्ट्याला."

आकाराचे कोडे मला तिथेच उलगडले. फाटे बाहेरच्या अंगाला पसरत जातात, म्हणून मेलेला भागही बाहेर रुंद होतो. पुढे तो आक्रसून तिथे खळगा राहतो. बाकीचे मूत्रपिंड काम करत होते. मात्र दुसरी गुठळी मेंदूतही जाऊ शकते, म्हणून रक्त न गोठण्याची गोळी रोज घ्यायची होती.

"किती दिवस?" दादांनी विचारले.

"बहुधा कायमची."

"ह्याच्यापरीस खडा बरा. पडला की सुटलो."

"हुलगं हायत अजून डब्यात," सोबत आलेल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या. "गोळी चुकली की शिजवते."

दादांनी अद्याप गोळी चुकवलेली नाही. मी गेलो की ते न सांगता मनगट पुढे करतात. ठोके अजूनही सारखे पडत नाहीत. मी पूर्ण मिनिटभर मोजतो.