दोन बोटं सैल

माझे वडील शिंपी. माप घेताना फितीच्या आत दोन बोटं घालायची त्यांची सवय. अंगाला श्वास घ्यायला जागा हवी, असं म्हणायचे. गिऱ्हाइकं खूश असायची. घरचं एकच गिऱ्हाईक त्यांना कधी जमलं नाही, माझी थोरली बहीण.

ताईला कपडे टोचायचे. शिवण टोचायची, पंख्याच्या वाऱ्याने बाही हलली तरी ती दंड चोळत बसायची. आत्या तिला महाराणी म्हणायची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मीही महाराणीच म्हणायचो, आणि त्याची मला आज लाज वाटते. बाबा मात्र दर वेळी कपडा उसवून आणखी सैल करायचे. दोनाची चार बोटं झाली, चाराची सहा. ताई गोणपाटात घातल्यासारखी दिसायला लागली, पण रडणं काही थांबेना. तिला जवळ घ्यायचं तरी ते हलकेच हात लावायचे, आणि ती झटकन बाजूला व्हायची. पोरीला बाप नकोसा झालाय, असं आईला सांगायचे आणि मशीन चालवत राहायचे.

ताई चौतीस वर्षांची झाली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. कपडा अंगावर चढला की त्वचा मेंदूला कळवते, आणि थोड्या वेळाने मेंदू तिकडे लक्ष देणं सोडतो. ताईचा मेंदू सोडत नाही. त्यात सैल कापड सारखं हलतं, म्हणजे सारखी नवी वर्दी. हिला हलका स्पर्श सोसत नाही, घट्ट सोसतो. घट्ट शिवा, घट्ट धरा.

तोवर बाबांना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. उजवा हात गेलेला, डाव्यात चमचा धरण्यापुरतं बळ. मी सांगितलं ते त्यांनी छताकडे बघत ऐकलं.

"सगळं उलटंच केलं की मी," ते म्हणाले.

मग त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं आणि मी शिवलं. फितीत बोट न घालता माप, शिवणी सगळ्या बाहेरून. तो शर्ट घालून ताई अख्खी दुपार घरात वावरली, दंडाला एकदाही हात गेला नाही. संध्याकाळी ती बाबांच्या खाटेशी जाऊन बसली. बाबांनी डावा हात कसाबसा उचलून तिच्या गालावर ठेवला. ठेवला कसला, नुसता टेकला. बोटं थरथरत होती.

"घट्ट आहे ना गं?"

"आहे, बाबा."

मी तिच्या मागे उभा होतो. पाठीमागे धरलेली तिची मूठ आवळून पांढरी पडली होती. बाबांचा हात थकून आपोआप खाली येईपर्यंत ती हलली नाही.