खल्ली वल्ली

यशवंतदादा मांडवकर जेवायला कधी बसत नसत. रत्नागिरीजवळच्या आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात दुपारची सुट्टी झाली, की आम्ही सगळे फणसाखाली डबे सोडायचो. हे गृहस्थ मात्र मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्याउभ्याच भाकरी संपवायचे. मी तिथला टाइमकीपर. नव्या नोकरीचा तोरा होताच, म्हणून एकदा विचारलं, दादा, बसलात तर काय बिघडेल? म्हणाले, बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. मला वाटलं, थट्टा करताहेत.

डबे सील करायचं मशीन त्यांच्या ताब्यात. सील झालेल्या डब्याच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवून ते कच्चा डबा बाजूला काढायचे आणि कधी चुकायचे नाहीत. सात वर्षं मस्कतला काढून आलेला माणूस! त्या काळी आमच्याकडे आखातातून आलेल्याला कोण मान. दादांच्या अंगावर ना सोन्याची साखळी, ना घरात टेपरेकॉर्डर, तरी पालीजवळच्या त्यांच्या गावात लग्नाच्या बैठकीत 'मस्कतवाले' म्हणून त्यांना पुढे बसवायचे. तिकडे काय करत होता, असं विचारलं तर "कंपनीत होतो," एवढंच उत्तर.

मशीन अडलं, शेठ ओरडला, एस.टी. चुकली, काही झालं तरी ते मान झटकून म्हणायचे, "खल्ली वल्ली!" अरबीत त्याचा अर्थ 'जाऊ दे, सोड' असा होतो, हे त्यांनीच सांगितलेलं. आमच्या मराठी कानांना त्यातला 'वल्ली' फार आवडला. माणूस वल्ली होताच, मग काय, ते सगळ्यांचे वल्लीदादा झाले. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा दचकून त्यांनी मागे पाहिलं होतं. मग हसले.

त्या वर्षी मे महिन्यात हमालांनी मजुरी वाढवून मागितली. शेठने काय करावं? पावसकडच्या बागांतली राखण आटोपून मोकळे झालेले पाच नेपाळी क्रेट वाहायला आणून उभे केले. हजेरीत नाव नाही, मजुरी निम्मी आणि झोपायला रिकाम्या डब्यांची शेड. आमच्या माणसांना निरोप आला, परवडत नसेल तर घरी बसा. हमालांचा पुढारी वसंता पाडते भडकला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी खाणारी सात तोंडं होती. पण शेठपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा राग काढायला नेपाळी बरे सापडले. पाण्याच्या पिंपाला त्यांनी हात लावायचा नाही असं ठरलं. गावात कुणाची कोंबडी नाहीशी झाली तरी नाव त्यांचंच.

मीही काही कमी नव्हतो. त्यांना हाकलून द्यावं म्हणून पोलिसांत द्यायचा अर्ज मीच लिहिला. 'परदेशी व बेकायदा इसम' असे शब्द घातले. नेपाळच्या माणसाला आपल्याकडे कामाला पासपोर्ट लागत नाही, हे मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. 'बेकायदा' हा शब्द कागदावर झोकदार दिसला, म्हणून आणखी दोनदा घातला. तेव्हाचा मी आठवला की आज माझाच मला राग येतो.

दुपारच्या सुट्टीत वसंताने अर्ज फणसाखाली आणला. पहिली सही वल्लीदादांची हवी, मस्कतवाल्याच्या सहीला वजन असतं, असं त्याचं म्हणणं. पाचही नेपाळी शेडच्या पायरीवरून पाहत होते. उद्या इथे काम आहे की नाही ते या कागदावर ठरणार, हे त्यांना कळत होतं. दादांनी ओळीवर बोट फिरवत सगळा अर्ज वाचला आणि पेन मला परत दिलं.

"तुमी मला वल्ली म्हनताव ना," ते म्हणाले, "मस्कतात ज्याच्याकडे कागद नाय त्या मानसाला खल्ली वल्ली म्हनतात. चार वर्सं माजं तेच नाव होतं."

मग सगळं सांगितलं. पहिल्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला आणि हात उगारायला लागला, म्हणून ते पळाले. पुढची चार वर्षं चोरून कामं केली. धाड आली की मागच्या दाराने पसार व्हायचं. शेवटी सापडले, तुरुंगात गेले, आणि तिथून थेट विमानात. गावात सांगितलं, कंत्राट संपलं. बायकोलाही दुसरं काही ठाऊक नव्हतं.

वसंता खाली बघत म्हणाला, "खरं हाय दादा, पन आमी कुठं जायचं?"

"तेंची नावं हजेरीत घाला, तुमच्यायेवडीच मजुरी द्या, असा अर्ज करा शेठला. मग तेंना आनून शेठला फायदा काय?"

मी तो कागद फाडला आणि नवा अर्ज लिहिला, मान्य होईपर्यंत काम बंद असंही त्यात घातलं. पहिली सही दादांची, शेवटची कुरकुरत का होईना वसंताची. आंबा काही कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे शेठने दोन दिवसांत मान तुकवली. मी हजेरीत पाच नावं चढवली, त्यांतले चार बहादूर निघाले.

गोष्ट पालीपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. लग्नाच्या बैठकीला दादांना बोलावणं बंद झालं. मस्कतवाल्यांचा 'पळून आलेला' झाला. कारखान्यात वल्ली म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

पुढच्या हंगामाची बोलावणी पोस्टकार्डावर मीच लिहायचो. शेठने दिलेल्या यादीत दादांचं नाव नव्हतं. म्हातारा झालाय, असं शेठ म्हणाला. दादा बावन्न वर्षांचे होते. मी बाकीची कार्डं लिहिली आणि पेटीत टाकली.

एप्रिलमध्ये ते पालीच्या स्टँडवर भेटले. मला वाटलं, आता कार्डाचं विचारणार. तर विचारलं, "तेंची नावं हजेरीत हायत ना औंदा?"

आहेत म्हटलं. मग राहवलं नाही, तुमचं कार्ड मीच लिहिलं नाही, असं सांगून टाकलं.

"म्हायत हाय मला," ते म्हणाले, "तुमची बी नोकरी हाय, भाऊ."

एवढ्यात त्यांची गाडी लागली. मला आयुष्यात पुष्कळांनी खडसावलं, पण त्या दिवशीसारखी शरम कधी वाटली नाही.