टोल्यातल्या अठरा जणांचं रक्त

हे माझ्या बायकोला माहीत नाही. पोरांना माहीत नाही. ज्या कचेरीत मी इतकी वर्षं हजेरी लावली, तिथे तर कुणालाच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? एक म्हणजे तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं म्हणजे माझी पेन्शन अडवण्याइतका उत्साह आता सरकारातही कुणाकडे उरला नसावा.

मी मलेरियावाला होतो, चामोर्शीकडच्या भागात. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला सरकारी नोकरी लागलेला मी पहिलाच. माझे बाबा पाहुण्यांना माझी ओळख ‘डॉक्टर’ म्हणून करून देत आणि मी ती दुरुस्त करत नसे. ही लबाडी मोजू नका, मोजायची ती पुढे आहे. काम साधं होतं. सायकलवर गावोगाव फिरायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या, भिंतीवर भेटीची तारीख लिहायची. मी दिसलो की लोक हात पाठीमागे लपवत.

त्या पावसाळ्यात मोठ्या शहरातून एक डॉक्टर मॅडम आल्या. त्यांना एकच प्रश्न छळत होता — एकाच गावात, एकाच हिवतापानं एक माणूस खाटेला खिळतो आणि दुसरा नांगर हाकत राहतो, असं का? त्या म्हणायच्या, जंतू दिसायला एक असला तरी त्यात वाण असतात. आम्हाला समजावं म्हणून त्यांनी धानाचं उदाहरण घेतलं. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, सगळं हिरवंच दिसतं, पण एक वाण हलका, एक भारी, एक कशालाच न जुमानणारा. तसे एकाच माणसाच्या रक्तात दोन-तीन वाण एकत्र नांदतात, एकमेकांच्या वाट्याचं खातात, आणि तेवढ्यात माणूस निभावून जातो. पण साधी गोळी दिली की कच्चा वाण मरतो आणि चिवट वाणाला अख्खी बांधी मोकळी मिळते. म्हणून कुठल्या गावात कुठले वाण आहेत ते आधी बघायचं आणि मग गोळी ठरवायची.

मला दोन ठिकाणं नेमून दिली. रस्त्याकडचं मोठं गाव आणि नाल्यापलीकडचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. तापकऱ्यांच्या बोटातलं रक्त बारीक नळ्यांत घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि दुसऱ्या सकाळी मॅडमच्या हाती द्यायचं. टोल्यातले लोक बोट पुढे करतील का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी चारचौघांत छाती फुगवून म्हणालो होतो, “टोला माझ्या मुठीत आहे, मॅडम.” कुणी सांगितलं होतं मला असं बोलायला?

मोठ्या गावातलं काम मी चोख केलं. त्याबद्दल माझ्याकडे बोट दाखवता येणार नाही. टोल्यात गेलो, तर धानाची रोवणी चालू. सगळा टोला गुडघाभर चिखलात वाकलेला. रांगेत पुढे रैनीबाई. पन्नाशीची ही गोंड बाई फाटक्या तोंडाची होती, पण तिनं मान हलवल्याशिवाय टोल्यात कुणी सुईपुढे येत नसे. तिच्या स्वतःच्या अंगात ताप होता, तरी हात चालूच होते.

“आता नाई, भाऊ,” ती म्हणाली. “टोचलेलं बोट चिखलात गेलं त पिकते. रोवणं होऊ दे, मंग ये. दहाई बोटं घे ना माह्यी.”

बाई बरोबर बोलत होती. आठ दिवस थांबायचं होतं, एवढंच. मॅडमना हे सांगायला कितीसं धैर्य लागलं असतं? पण मुठीतल्या टोल्याचं काय करायचं?

आता सांगतोच. मला स्वतःला दोन दिवसांपासून ताप होता. गावाला गोळ्या गिळायला लावणाऱ्या मलेरियावाल्यानं स्वतः एकही घेतली नव्हती — कडू लागतात म्हणून. नाल्याच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली मी बसलो, सुई काढली आणि स्वतःलाच सवयीनं म्हणालो, “घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होईल.” मुंगी कसली! पहिल्या नळीवर मी रैनीबाईचं नाव घातलं. मग तिच्या नवऱ्याचं, मग शेजाऱ्यांची. टोल्यातल्या अठरा तापकऱ्यांच्या अठरा नळ्या भरायच्या होत्या आणि बोटं दहाच, म्हणून आठ बोटांना दोनदा टोचलं. बाराव्या नळीला मला भोवळ आली, तेव्हा त्या नळीच्या मालकापुढे मी वहीत ‘अशक्तपणा’ असा शेरा मारला. अठरावी नळी रैनीबाईच्या दोन वर्षांच्या नातवाची. तो बिचारा अजिबात रडला नाही, असंही मी मॅडमना सांगितलं.

घरी येऊन मुकाट्यानं त्याच साध्या गोळ्या गिळल्या. तीन दिवसांत ठणठणीत झालो.

पुढच्या आठवड्यात मॅडम आनंदानं नुसत्या नाचायच्या बाकी होत्या. मोठ्या गावात एकेका रक्तात दोन-दोन, तीन-तीन वाण सापडले, त्यातला एक साध्या गोळीला दाद न देणारा. आणि टोल्यात? अठराच्या अठरा जणांत एकच वाण, तोही साध्या गोळीनं लगेच मरणारा! इतका एकोपा त्यांनी कुठे पाहिला नव्हता. त्यांचा मदतनीस तेवढा चक्रावला होता, कारण अठरा जणांचा रक्तगटही एकच निघाला. मी म्हणालो, “सगळे एकमेकांचे सोयरेच आहेत.” हे लोक खातात तरी काय, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, मोहफुलं आणि आंबील. त्यांनी ते लिहून घेतलं. मग शाबासकी म्हणून माझा हात घट्ट दाबला. माझी दहाही बोटं चाळणी झालेली, डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडमना वाटलं, माणूस भावनाप्रधान आहे.

मग हुकूम निघाला. मोठ्या गावाला नव्या गोळ्या, टोल्याला साध्याच.

रैनीबाईनं साध्या गोळ्या माझ्यासमोर गिळल्या. ताप गेला आणि दोन आठवड्यांत परत आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. तिच्या रक्तात काय चाललं होतं, हे टोल्यात फक्त मला कळत होतं. धानाचं उदाहरण मी ऐकलं होतं ना? नव्या गोळ्या माझ्या पिशवीतच होत्या, मोठ्या गावच्या. हात पिशवीत गेलाही. पण टोल्यात त्या दिल्या तर का दिल्या हे लिहावं लागणार, आणि मग त्या अठरा नळ्या... मी हात बाहेर काढला. आणि माझ्यावर शंका येऊ नये म्हणून — अजून कुणालाही आली नव्हती, तरीही — मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, “तू गोळ्या थुंकतेस, बाई.”

“मी काऊन थुंकीन? हे पाह्य!” तिनं भला मोठा आ केला, जीभ बाहेर काढली, आणि मी वाकून बघेपर्यंत तशीच उभी राहिली. तेव्हापासून माझी सायकल दिसली की टोल्यातली म्हातारी-कोतारीसुद्धा ओळीनं आ करून उभी राहत. सगळे हसत. मीही हसायचो. नळ्यांपेक्षा हे हसणं सांगायला मला जास्त जड जातं.

दिवाळीच्या सुमारास रैनीबाईला खाटेवर घालून नाल्यापार आणलं, तिथून बैलबंडीनं आणि पुढे एसटीनं गडचिरोलीला. तीन दिवस शुद्ध नव्हती. सलाईनमधून कडू औषध चढवलं आणि बाई वाचली. पण कान गेले. ताप डोक्यात चढल्यानं की औषधानं, हे तिथल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यानंतर टोल्याला नव्या गोळ्या मिळाल्या. चिवट वाण टोल्यात अचानक आला कुठून, असं मॅडमनी पत्रानं विचारलं. मी उत्तर लिहिलं — चामोर्शीच्या बाजारातून आला असावा.

पुढच्या उन्हाळ्यात मी रैनीबाईच्या घरी गेलो. ती अंगणात मोहफुलं पसरत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मोहाखाली बसलो ते, पहिली नळी तिच्या नावाची ते, पिशवीतल्या गोळ्यांचंही. काही गाळलं नाही. ती मधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “जेवून जाजो, भाऊ.”

तिची सून घरात भाकरी थापत होती. ती सासूशी ओरडून बोलायची, आणि ओरडून बोललं की रैनीबाईला बऱ्यापैकी ऐकू यायचं. हे मला माहीत होतं. मी हळू बोललो.