शपथ सोडवा

पाणसळचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे, गुडघेच उठवायचे. तोंड धुऊन तो देवापुढे पाव तास बसे. मागत काही नसे. “मागणारे पुष्कळ आहेत. आपण हजेरी लावायची,” म्हणे. मग डबा, पिशवीत थापी, दोरी, रबरी हातोडी, आणि चालत कामावर.

फरशी बसवणं हे त्याचं काम. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं. अर्ध्या सुताचा उतारही तो नुसत्या नजरेने पकडायचा, म्हणून गवंडी सपाटी तपासतात त्या पाणसळीवरून सगळे त्याला पाणसळ म्हणत. बसवलेली प्रत्येक फरशी हातोडीने ठोकून ऐकायचा. पोकळ वाजली की उखडायची, खालचा माल खरवडायचा, पुन्हा बसवायची. ठेकेदार वैतागायचा. “अरे, कोण बघतंय?”

“वरचा बघतोय,” हा म्हणायचा आणि पुढची फरशी घ्यायचा.

शब्दाचंही तसंच. ‘उद्या येतो’ म्हटलं की अंगात ताप असला तरी यायचा. लेक एकदा खेळताना ‘देवाशप्पथ’ म्हणाली, तेव्हा तिला जवळ बसवून सांगितलं होतं, “देवाचं नाव म्हणजे खिशातला रुमाल नाही, उठसूट काढायला. शपथ घ्यायची नाही. घेतलीच, तर मोडायची नाही.”

लेक नऊ वर्षांची. निवडणूक जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तो घरी आला तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, ताट तसंच.

“दुपारपासून घास नाही घेतला,” बायको म्हणाली. “विचारलं तर म्हणते, बाबांनाच सांगीन.”

लेकीने दप्तरातून कागद काढला. छापील होता. ‘देवाला साक्षी ठेवून मी शपथ घेते की माझे आईबाबा आपल्याच पक्षाला मत देतील.’ खाली पक्षाचं चिन्ह, त्याखाली आईबाबांच्या सहीसाठी दोन रेघा.

“ही शपथ तू घेतलीस?”

“सगळ्यांनीच घेतली. मैदानात. एक काका माइकवर सांगत होते, आम्ही हात पुढे करून मागून म्हणायचं.”

“आणि मी सही नाही केली तर?”

“मग माझी शपथ मोडली ना, बाबा. तुम्हीच सांगितलंय.”

पाणसळ होता तिथेच खाली बसला. सही करावी, तर देवाच्या नावावर मत विकल्यासारखं. न करावी, तर पोर स्वतःच्याच नजरेत खोटी पडणार, आणि तीही बापाच्या शिकवणीने.

“अहो, करून टाका सही,” बायको हळूच म्हणाली. “मत आत जाऊन कुणालाही द्या. कोण बघतंय?”

त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली.

मागच्या खेपेला त्याच पक्षाला त्याने मत दिलं होतं. राग पक्षावर नव्हता. “मला मत मागायचं तर माझ्या दारात या,” तो कागदाकडे बघत म्हणाला. “चार शिव्या खा, पायऱ्या चढा, घाम गाळा. पोराला पुढे केलं की काम फुकटात! आणि देवाला साक्षीदार केलं, त्याला न विचारता!”

दुसऱ्या दिवशी खाडा करून तो शाळेत गेला. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी कागद पाहिला, बाजूला सारला.

“लहान मुलांचा कार्यक्रम होता हो. इतकं मनावर घ्यायचं नसतं.”

“मुलीने घेतलंय. जेवत नाही.”

“तिला समजवा, ती खरी शपथ नव्हती म्हणून.”

“देवाचं नाव खरं होतं ना, बाई?”

बाई चष्मा पुसू लागल्या. “आमचा काय इलाज? वरून आलं होतं.”

“किती वरून? देवाच्याही?”

दारातल्या शिपायाने हसू खोकल्यावर नेलं.

“तुमचं म्हणणं तरी काय आहे?”

“शपथ सोडवा. जिथे घातली तिथे, त्याच माइकवर. शाळेने घालू दिली, ती शाळेनेच सोडवायची असते, हे पोरांनाही कळतं. तोवर मी बाहेर बसतो.”

आणि तो व्हरांड्यात बसला. घोषणा नाही, पाटी नाही. शाळा सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. कामावरचा सोबती जाता जाता फाटकातून ओरडला, “काय नेते, उपोषण का?”

“डबा आणलाय. ये, जेवून जा.”

लेक आईच्या धाकाने दूध तेवढं घेत होती. तिसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर येऊन शेजारी टेकला. त्याच्या पोराने सहीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं. दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली, मग आणखी दोघं. कुणी विचारलं नाही की कुणाचं मत कुणाला.

चौथ्या दिवशी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी माइक हातात घेतला आणि कडू औषध गिळावं तसं एका दमात म्हणाल्या, “त्या दिवशी घेतलेली शपथ सुटली. सगळ्यांची.”

मधल्या सुट्टीत लेक धावत आली. स्वतःचा डबा संपवला, बापाचाही अर्धा संपवला.

महिन्याने संस्थेचं पत्र आलं. पालकांचं वर्तन शाळेच्या शिस्तीला धरून नाही, पुढच्या वर्षी मुलीची सोय दुसरीकडे बघावी. पाणसळने ते उभ्याने दोनदा वाचलं. “लेकरांच्या तोंडून मतं मागायची ती शिस्त, आणि बाप गप्प बसला ती बेशिस्त!” एवढंच बोलला. पत्राची घडी घातली आणि कामावर गेला.

त्या वर्षी त्याने सुट्टीच्या दिवशीही कामं धरली. पाच मजली इमारतीचे जिने एकट्याने केले, पायरी अन् पायरी ठोकून बघून. त्या मजुरीतून दूरच्या एका शाळेची वर्षाची फी भरली आणि बसचा पास काढला. त्या शाळेत सकाळी प्रार्थना होते आणि मग सरळ गणिताचा तास.